मंडपात शेवटपर्यंत उरलेले चौघे

मु. ताडकळस (खरं तर गावाबाहेर, केवळाच्या मेंढ्यांमागे, वेचून झालेल्या कापसाच्या रानात)
तारीख घातली होती, ती वरच्या कोपऱ्यासकट मेंढीने खाल्ली. संक्रांत नुकतीच झाली आहे, यावरून अदमास करावा.

तीर्थस्वरूप पंडितराव साडूभाऊ यांना,

दत्तरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात मी उजव्याची विचारपूस केली आणि तुम्ही कळवलंत की दुखतो तो डावा. म्हणून या खेपेस डाव्याची चौकशी करतो, उजव्यानेही राग मानू नये. सविताताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गच्चीवर उभं राहून राणीसावरगावच्या स्टँडवर कोण उतरलं ते ओळखू येतं असं कमल सांगत होती. फार आनंद झाला. इकडे सगळं ठीक आहे. कमल ठीक, आमची बहीण केवळा ठीक, तिच्या मेंढ्या ठीक. माझी प्रकृती उत्तम, फक्त तोंड बंद आहे. (दुखणं नाही, कोर्टाचं काम आहे. खुलासा पुढे येतो.)

या पत्रात माझं तुमच्याकडे काहीएक मागणं नाही, हे सुरुवातीलाच ठासून सांगतो. ज्या माणसाने एकतीस वर्षं माझं प्रत्येक भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकलं, त्याच्याकडे आणखी काय मागायचं? मुक्तिसंग्राम दिन असो, वाचनालयाचं उद्घाटन असो, कुणाच्या तेराव्याला वाहिलेली श्रद्धांजली असो, तुम्ही गुडघा सांभाळत दोन बस बदलून यायचात आणि माझ्यासमोर बसायचात. दर पाच-सहा मिनिटांनी तुमची मान सावकाश खाली जायची आणि झटकन वर यायची. मुद्दा पटला, हे मला तिथल्या तिथे कळायचं. त्या मानेच्या आधारावर मी बोलत आलो, साडूभाऊ. समाज जागा करायला हजारो माणसं लागत नाहीत, समोर एक जागा माणूस पुरतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं किंवा मीच बोललो होतो.

बांधावरच्या बाभळीखाली बसून हे लिहितो आहे. थंडीतली दुपार इतकी मऊ आहे की हात आपोआप संथ होतो आणि अक्षरं आडवी व्हायला बघतात. पऱ्हाट्यांना वेचणीतून सुटलेला कापूस कुठेकुठे लटकतो आहे, त्यातून मेंढ्या तोंड खाली घालून चालल्या आहेत. त्यांच्या चरण्याचा आवाज तुम्ही कधी ऐकलात का? लांब कुणीतरी फार जुना कागद हळूहळू फाडतो आहे असं वाटतं. तो ऐकत राहिलं की कोणता पांढरा ठिपका कापसाचा आणि कोणता मेंढीच्या पाठीचा हे कळेनासं होतं, मग आपण बसलो आहोत की कळपाबरोबर चाललो आहोत तेही कळेनासं होतं. (इथे माझा डोळा लागला होता. शाईचा डाग पडला आहे, तो वाचू नये.)

तर केवळा मेंढ्या मोजत नाही. आमच्या घराण्यात कुणीच मोजत नाही. मोजलं की कळप घटतो, हे आमच्या आईला तिच्या आईने सांगितलं आणि आईने आम्हाला. ऐन उमेदीत मी या समजुतीविरुद्ध याच बांधावर उभा राहून पाऊण तास बोललो होतो. (श्रोते: केवळा आणि कळप. केवळा मध्येच कळपाला पाणी पाजायला घेऊन गेली, त्यामुळे समारोपाला मीच होतो.) पण पुढे एकदा तिला शांतपणे विचारलं, बाई, तू मोजत नाहीस तर हरवलेली तुला कळते कशी? ती म्हणाली, "तिच्या मागची सांगती की. हरेक मेंढी आपल्या जोडीदारणीच्या मागं चालती. म्होरली दिसली न्हाई की मागची थांबती, वरडती. जितं वरडली तितं शोधायचं. मोजायचं काय त्याच्यात, दत्ता?" मी तिचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. माझ्या आयुष्यात हा प्रकार फारसा घडलेला नाही म्हणून लक्षात राहिला.

केवळाची मुलगी दीपिका याच कळपामागे वाढली, नांदेडला इंजिनिअर झाली आणि परभणीला एका भाड्याच्या खोलीत तीन मुली हाताशी घेऊन यंत्रं बनवू लागली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. विहिरीचं पाणी किती, रानात ओल किती, हे दर घटकेला टिपून ठेवणारी हातभर यंत्रं. त्यांच्या पोटात स्मरणशक्ती असते, पण बेताची. आपल्याकडची वीज जाते-येते तेव्हा त्या स्मरणातून माहितीचा एखादा तुकडा गळून पडतो. मग बिचारं यंत्र सगळे तुकडे पहिल्यापासून मोजत बसतं, आणि मोजता मोजता त्याचीच बॅटरी संपते. दीपिकाने काय केलं? यंत्राला मोजणं सोडायला लावलं! प्रत्येक तुकड्याला फक्त आपल्या पुढचा कोण एवढंच ठाऊक. पुढचा नाहीसा झाला की मागचा ओरडतो. जिथे ओरडला तिथे यंत्र जातं आणि तेवढीच जागा दुरुस्त करतं. या रचनेचं नाव तिने ठेवलं 'केवळा मांडणी'. आईला सांगितलं तेव्हा केवळा म्हणाली, "माझं नाव कशाला घालायलीस यंत्रात? शॉक लागंल मला." पण त्या दिवशी तिने संध्याकाळी नवं लुगडं नेसलं होतं, मी पाहिलं.

ही मांडणी मला दीपिकाने याच बाभळीखाली, ढेकळं एकामागे एक ठेवून समजावून सांगितली. शेवटी म्हणाली, "मामा, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत हे कुणाला सांगू नका बरं." मी छातीवर हात ठेवला. आणि साडूभाऊ, आजही निष्ठेने सांगतो, मी कुणाला सांगितलं नाही. एका माणसालासुद्धा नाही. कमललाही नाही. मी भाषण केलं.

तो सत्कार तुम्हाला आठवतच असेल. पाच वर्षं होतील. दीपिकाच्या यंत्राला कुठल्याशा स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं म्हणून आपण बाजाराच्या मैदानावर मंडप घातला होता. मुलगी मेंढ्यांमागची, बक्षीस संगणकाचं, समोर अख्खा गाव, आणि माइकला त्या दिवशी कधी नव्हे ते खरखर नाही. अशा वेळी ज्याचं रक्त तापत नाही तो मामा कसला? मी अग्नीच्या शोधापासून उचललं. चाकापर्यंत यायला पाऊण तास लागला, निजामाचा अंमल ओलांडेपर्यंत दीड. मग स्त्रीशिक्षणावर आलो आणि तिथे मला माझाच हुंदका आला. पावणेदोन तास झाले होते. नेमकं त्याच वेळी मंडपामागे आचाऱ्याने वांग्याच्या भाजीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं असावं. लोक उठत होते की काय मला दिसलं नाही, कारण अशा ठिकाणी मी डोळे मिटतो. आणि मिटल्या डोळ्यांनी, शेवटची पंचवीस मिनिटं, मी केवळा मांडणी सांगितली. पहिल्या ढेकळापासून शेवटच्या ढेकळापर्यंत. इतकं नितळ मी जन्मात बोललो नाही. शब्द माझ्या तोंडून जात नव्हते, कळपासारखे एकामागे एक आपले आपण चालले होते आणि मी बांधावर उभा राहून नुसता बघत होतो.

डोळे उघडले तेव्हा समोर तुम्ही होतात.

बरं, एवढ्यावर थांबलो असतो तर पत्र इथे संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी परभणीच्या एका दैनिकाला बातमी पाठवली. (आपली बातमी आपण पाठवण्यात मला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्याच्या हातून शब्द बिघडतात.) तिच्यातलं एक वाक्य आता मला झोपेतसुद्धा पाठ आहे: "शेकडोंचा समुदाय शेवटच्या शब्दापर्यंत मंत्रमुग्ध होऊन ऐकत होता व संगणकाच्या स्मरणाची गुंतागुंतीची रचना दत्तरावांनी इतक्या सोप्या भाषेत उलगडली की ऐकणाऱ्या शाळकरी पोरालाही घरी जाऊन ती बनवता यावी." सोबत फोटो. मंडपवाल्या परमेश्वरने स्टेजच्या कोपऱ्यात टायमर लावून ठेवलेल्या कॅमेऱ्याने, समारोपाच्या वेळी काढलेला.

दीपिकाचा अर्ज गेला त्यानंतर सतरा दिवसांनी.

पुढे दोन वर्षांनी एका बड्या कंपनीने त्या अर्जाला विरोध केला. (नाव लिहीत नाही, वकीलबाईंची मनाई आहे. विजेचे मीटर बनवतात. त्यांनाही मीटरच्या पोटात हीच रचना हवी आहे, आणि कुणाला न विचारता हवी आहे.) त्यांचं म्हणणं काय? तर ही रचना नवीन नाही. अर्जाच्या आधीच ती ताडकळस इथे शेकडो लोकांपुढे जाहीर झालेली आहे, पुरावा सोबत. पुरावा म्हणजे माझी बातमी! इंग्रजीत भाषांतर करून, वर शिक्के मारून. माझं लेखन परभाषेत जावं ही इच्छा मी उराशी बाळगून होतो, ती अशी पुरी झाली. पेटंटमध्ये म्हणे असा कायदाच आहे की शोध आधी जगाला सांगितला की मग तो तुमचा एकट्याचा राहत नाही. अर्ज नामंजूर झाला. दीपिकाने उच्च न्यायालयात अपील केलं आहे. ते गेलं तर कंपनी खुशाल तीच मांडणी वापरील, तिच्यावर स्वतःचं काहीतरी आकड्यांचं नाव टाकील, दीपिकाच्या खोलीला कुलूप लागेल, आणि केवळाचं नाव यंत्रातून पुसलं जाईल. हे एवढं सगळं माझ्या पंचवीस मिनिटांमुळे.

दीपिका मला काय बोलली असेल? नामंजुरीचा कागद घेऊन मी तिच्या खोलीवर गेलो. वाटेत सगळी माफी तोंडपाठ केली होती, तीन भागांत. ती टेबलावर वाकून तारा जोडत होती. वर न बघता म्हणाली, "मामा, भाकर खाल्ली का?" बस्स. तिन्ही भाग तसेच ठेवून मी भाकर खायला बसलो. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना उत्तर दिलं असतं. भाकरीला काय उत्तर देणार?

अपिलाची सुनावणी पडद्यावर झाली. वकीलबाई मुंबईत, कंपनीचे वकील मुंबईत, न्यायमूर्ती मुंबईत, आणि आम्ही परभणीच्या खोलीत. वकीलबाई म्हणजे ॲडव्होकेट राजनंदिनी, माहेर आपल्याच पोखर्णीचं, वय तिशीचं, शब्द मोजून वापरतात. (मोजणाऱ्या माणसांबद्दल माझं मत वर आलंच आहे, पण या बाईंना मी मानतो.) त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "सर, तुम्ही फक्त दिसायचं." मी दिसत होतो. तेवढ्यात न्यायमूर्तींनी विचारलं, ते भाषण करणारे गृहस्थ हेच का? साडूभाऊ, उच्च न्यायालय तुमच्याबद्दल विचारतं आहे आणि तुम्ही खुर्चीत बसून मान हलवायची? मी उभा राहिलो. ज्ञान कुणाचं, स्मरण कुणाचं, मेंढीला कायदा काय म्हणून ओळखतो, इथून धरलं. समोर काचेत सगळे छोट्या छोट्या चौकटींत बसलेले, कुणी हलत नाही, कुणी खोकत नाही, एवढी शांतता मला आजवर कुठल्या सभेत मिळाली नव्हती. मी त्या शांततेत पोहत होतो. बावीस मिनिटं! न्यायमूर्ती गालातल्या गालात हसले तेव्हा वाटलं, अपील जिंकलं. मग दीपिकाने सदऱ्याची बाही ओढली आणि पुटपुटली, "मामा, माइक बंद हाय. वकीलबाईंनी सकाळीच बंद करायला लावला होता." त्याच क्षणी माझ्या मोबाइलवर राजनंदिनीबाईंचा मेसेज आला: "सर, आजच्याइतकं उपयोगी भाषण तुम्ही कधीच केलं नव्हतं."

मला टोमणा वाटला, पण टोमणा नव्हता. न्यायमूर्तींनी ते दृश्य बघून स्वतःच विचारलं की त्या दिवशी मंडपात तरी या गृहस्थांचं कुणाला ऐकू गेलं होतं काय? आणि राजनंदिनीबाईंनी तोच धागा पकडला. मला नंतर फोनवर समजावलं: "सर, बातमीत तुम्ही रचना उलगडली एवढंच आहे, रचना लिहिलेली नाही. रेकॉर्डिंग नाही. म्हणजे ती पंचवीस मिनिटं फक्त हवेत होती. हवेतून कुणाच्या कानात गेली का, एवढाच प्रश्न उरलाय." कंपनीने फोटो दाखवला. त्यात मंडप रिकामा आहे, साडूभाऊ! मी पाच वर्षं त्या फोटोत फक्त स्वतःकडेच पाहत होतो. मागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आहेत, आणि मंडपात मोजून चौघं आहेत. (मोजली. नाइलाज झाला.) या चौघांनी काय ऐकलं ते महिनाअखेरच्या आत शपथपत्रावर द्या, असा आदेश झाला. आणि वकीलबाईंनी मला तोंड उघडायला बंदी केली आहे. निकाल लागेपर्यंत श्रद्धांजलीसुद्धा वाहायची नाही. गावात त्यानंतर दोघे गेले, दोघेही तसेच गेले.

तर मी, दत्तराव, ज्याने हयात लोकांनी आपलं ऐकावं म्हणून घालवली, तो आता आपलं कुणी ऐकलं नाही याचे पुरावे गोळा करत गावात हिंडतो आहे.

पहिला परमेश्वर मंडपवाला. कॅमेऱ्याला टायमर लावून तो फोटोत खांबाला टेकून बसलेला. मला वाटलं, संकोच करील. तो म्हणाला, "सर, तुमी उभं राहिलं की मला लय गाढ झोप लागती. घरी एवढी लागत न्हाई. डॉक्टरला बी सांगितलंय मी हे." सही करून वर विचारलं, "पुन्हा कवा हाय भाषण?"

दुसरे अध्यक्ष आबासाहेब. अध्यक्षाला जेवणाच्या वासाने उठता येत नाही, म्हणून ते स्टेजवर अडकलेले. मी अपराधी चेहऱ्याने गेलो. ते कानातलं यंत्र दाखवत म्हणाले, "गुरुजी, ह्याची बॅटरी लवकर उतरती. मी काय करतो, तुमचं भाषण सुरू झालं की काढून खिशात ठिवतो. आभाराला पुन्हा घालतो." बारा वर्षं ते माझे अध्यक्ष आहेत. बारा वर्षं त्यांनी उपसंहारात म्हटलंय, "दत्तरावांनी सगळं सांगितलंच आहे."

तिसरी केवळा. माझी सख्खी बहीण, शेवटपर्यंत बसलेली. मला वाटलं, निदान हिने ऐकलं असेल, आणि तसं असेल तर पोरीचं नुकसान आहे. या दोन गोष्टी एकाच छातीत कशा ठेवायच्या ते मला कळेना. ती म्हणाली, "मला ते सगळं ठाव हायच, दत्ता, ऐकून काय करू? मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. लय वाळलास, ते बघत होते." तिने अंगठा दिला. वकीलबाई म्हणाल्या, हे शपथपत्र सगळ्यात भक्कम आहे.

तिघं झाली.

मघाशी डोळा लागला तेव्हा याच बाभळीखाली मला स्वप्न पडलं. उच्च न्यायालय या कापसाच्या रानात भरलं होतं. न्यायमूर्ती बांधावर बसले होते, अंगावर केवळाचं घोंगडं होतं. खटल्याचे कागद एकामागे एक चालत होते, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या शेपटाला लागलेलं, आणि कुठेच घाई नव्हती. ऊन असं पडलं होतं की कागदांना लोकर आहे असं वाटावं. राजनंदिनीबाई काठी घेऊन मागे चालत होत्या आणि न मोजता पुढे बघत होत्या. मी पहिल्यांदाच काही बोलत नव्हतो आणि मला बरं वाटत होतं. मग एक कागद थांबला आणि ओरडला. अगदी मेंढीसारखा. त्याच्या पुढची जागा रिकामी होती. न्यायमूर्तींनी मला विचारलं, इथं कोण होतं? मी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे एक खुर्ची होती, खुर्चीवर तुमचा करडा मफलर होता. मी तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं आणि जागा झालो. मेंढी तारीख खात होती.

असो. स्वप्नांना मी महत्त्व देत नाही, हे तुम्ही जाणता. (याविषयी ताडकळसच्या वाचनालयात मी दीड तास बोललो होतो, तुम्ही होतात.) पत्र फार लांबलं. वाचताना कुठे डोळा लागला तर कागद छातीवर ठेवून खुशाल झोपावं, मला वाईट वाटणार नाही. तसं वाटण्याचे दिवस आता संपत आले आहेत. सविताताईंना नमस्कार, गुडघ्याला तीळ-तेल लावत जावं.

आपला, सध्या न बोलणारा,
दत्तराव

ता. क. १. या पाकिटात आणखी एक कागद आहे, तो निसटला तर नाही ना ते बघावं. फोटोतले चौथे तुम्ही. वकीलबाईंनी मजकूर तयार करून दिला आहे: "सदर भाषणाच्या शेवटच्या पंचवीस मिनिटांत मी पहिल्या रांगेत हजर होतो, परंतु झोपलेला असल्याने मला काहीही ऐकू आलेलं नाही." अडचण एकच आहे. फोटोत तुमचे डोळे सताड उघडे आहेत. कंपनीचा सगळा जोर आता त्या दोन डोळ्यांवर आहे. तुम्हाला सही करता येत असेल तर दीपिका येत्या सोमवारी गाडी घेऊन राणीसावरगावला येईल, नोटरीकडे नेईल, आणि परत सोडील. गुडघ्यासाठी उशी ठेवायला सांगितली आहे.

ता. क. २. वरचं लिहून तासभर बसलो. खोटी शपथ मी जन्मात कुणाकडे मागितली नाही आणि पोरीसाठीही मागणार नाही. मला माझ्या शब्दांची चाड आहे. तुम्ही ऐकलं असेल तर ऐकलं म्हणून लिहावं. अपील जाईल, मी दीपिकापुढे उभा राहीन, ती भाकरीचं विचारील. आणि झोपला असाल तर झोपलो म्हणून लिहावं. मग केवळाचं नाव यंत्रात राहील. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून इच्छा करतो आहे की माझं कुणी ऐकलेलं नसावं. तेवढी ती एकतीस वर्षांची मान मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मुद्दा पटल्याशिवाय माणूस अशी मान हलवतो का, साडूभाऊ?

ता. क. ३. दाजींना कमलचा नमस्कार. मी भाकरी घेऊन रानात आले तर हे पत्र मांडीवर ठेवून झोपलेत, म्हणून चार वळी लिहिते. दाजी, तुम्ही उघड्या डोळ्यांनी झोपता हे सवितानं मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितलंय. तिला तर पहिल्यांदा लय भ्या वाटलं होतं. त्या दिवशी वाढता वाढता घडीभर मंडपात येऊन मी तुमच्या नाकापुढं वांग्याच्या भाजीचं ताट धरलं होतं, पापणी हलली न्हाई. नुसती मान खाली-वर. सही बिनघोर करा, सविताला बी साक्षीला आणा. यांना मात्र काही सांगू नका. बाकी कुणाचं काही वाटत न्हाई त्यांना, तुमचं वाटंल.

ता. क. ४. वरच्या ओळी कमलने लिहिलेल्या दिसतात. मी त्या वाचलेल्या नाहीत. शपथेवर सांगतो.